टी.वाय.ला बसायचं की विमानात?

"डिग्री कुठे पळून जात नाही, व्हिसा मात्र पळतो," असं एजंट सांगतो. "डिग्री हातात येऊ दे, मग जग पालथं घाल," असं घरातलं वडीलधारं माणूस सांगतं. एस.वाय.ची एखादी केटी राहिलेल्या, पासपोर्ट नुकताच हातात पडलेल्या विशीतल्या मुलाच्या दोन्ही कानांत ही दोन वाक्यं एकाच वेळी पडत असतात. खेड-चिपळूणपासून श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंत आणि गोव्यात सासष्टीपासून बार्देशपर्यंत असं घर शोधावं लागत नाही. आता तर सांगली-साताऱ्याकडेही जर्मन भाषेच्या क्लासच्या पाट्या दिसतात. दोन्ही वाक्यांत तथ्य आहे, म्हणूनच गोंधळ आहे. एजंट खोटं बोलतो म्हणून त्याला झटकून टाकता येत नाही आणि वडील जुन्या काळातले म्हणून त्यांनाही नाही.

मुलाला हा प्रश्न पडतो तो आळसातून पडतो, असं मानणाऱ्यांनी एक आकडा पाहावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी 2024 साली भारतातल्या रोजगारावर एक अहवाल काढला. त्यानुसार 2022 मध्ये पदवीधर तरुणांमधली बेरोजगारी 29.1 टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमधली 3.4 टक्के. या आकड्याचा अर्थ 'शिकाल तर बेकार व्हाल' असा अनेकांनी लावला. तो चुकीचा आहे. ज्याच्या घरी चूलच रोजच्या मजुरीवर पेटते त्याला बेकार राहणं परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो आणि आकडेवारीत 'रोजगार असलेला' ठरतो. पदवीधर थांबतो, परीक्षा देतो, चांगल्या नोकरीची वाट पाहतो. हे अर्थशास्त्र बरोबर असलं, तरी वीस वर्षांच्या मुलाला दिसतो तो शेजारचा बी.कॉम. झालेला दादा. पस्तिशी जवळ आली तरी तो स्पर्धा परीक्षेचे फॉर्म भरतो आहे. आणि त्याच आळीतला, बारावीनंतर कॉलेज सोडून दोह्याला गेलेला मुलगा घरावर स्लॅब टाकतो आहे. स्लॅब दिसतो, त्याखालचं कर्ज दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

कोकणाला हा प्रश्न नवा नाही. परदेशाच्या जागी तेव्हा मुंबई होती. सातवी-आठवीतून शाळा सोडून मुलगा परळ-लालबागच्या गाळ्यात जायचा, गिरणीत बदली कामगार म्हणून लागायचा आणि गावाला मनीऑर्डर सुरू व्हायची. शाळेच्या दाखल्याला गिरणीत कोणी विचारत नव्हतं. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातल्या फार मोठ्या संख्येला पुन्हा गिरणीचं दार दिसलं नाही. तेव्हा कळलं, की पहिली नोकरी कागदाशिवाय मिळाली होती, दुसरी मिळत नव्हती. उत्तम विणकर असूनही ते सिद्ध करणारा कुठलाच कागद जवळ नसलेली माणसं वॉचमन झाली, हातगाडीवर आली किंवा गावी परतली. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना विमानांनी परत आणावं लागलं. त्यांच्याही बाबतीत हेच झालं. ज्यांच्याकडे पदविका, परवाने, प्रमाणपत्रं होती ते वर्षा-दोन वर्षांत पुन्हा कुठेतरी लागले. 'वीस वर्षांचा अनुभव' तोंडी सांगणाऱ्यांना पुन्हा तळापासून सुरुवात करावी लागली.

म्हणून माझ्या मते सगळा गुंता एका गोष्टीपाशी सुटतो. परदेशातल्या पहिल्या नोकरीला डिग्री बहुधा लागत नाही. दुसरीला लागते. एजंट फक्त पहिलीबद्दल बोलतो, कारण त्याचे पैसे तिथेच असतात. घरातली माणसं दुसरीबद्दल बोलतात, पण त्यांना ते नीट सांगता येत नाही, म्हणून ती 'समाजात मान', 'लग्नाच्या बाजारात किंमत' असलं काहीतरी बोलतात आणि मुलगा आणखी चिडतो.

आखाताचं उदाहरण आधी घेऊ, कारण आपल्याकडची सर्वांत रुळलेली वाट तीच. इथे एक विचित्र गंमत आहे आणि ती कॉलेज सोडून जाणाऱ्यालाच भोवते. 1983 च्या स्थलांतर कायद्यानुसार दहावी पास नसलेल्या कामगाराच्या पासपोर्टवर ईसीआरची, म्हणजे 'स्थलांतर तपासणी आवश्यक' अशी नोंद असते. आखातासह दीड डझन देशांत नोकरीसाठी जाताना त्याला 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. त्याचा करार तपासला जातो, प्रवासी भारतीय विमा योजनेचं दहा लाखांचं कवच त्याला सक्तीने घ्यावं लागतं आणि त्याचा हप्ता दोन वर्षांना अवघा 275 रुपये आहे. दहावी झालेल्याला यातलं काहीच बंधनकारक नाही. तो शिकलेला आहे, स्वतःचं हित त्याला कळतं, असं कायदा गृहीत धरतो. आता एस.वाय.तून उठून निघालेला मुलगा डोळ्यांसमोर आणा. भारत सरकारच्या लेखी तो शिकलेला, म्हणून त्याचा करार कोणी वाचत नाही. अबूधाबी-रियाधच्या लेखी तो पदवी नसलेला, म्हणून वरच्या कुशल वर्गात बसत नाही. मजुराचं संरक्षण नाही आणि पदवीधराची पायरीही नाही. अर्धवट डिग्रीसारखी वाईट अवस्था दुसरी नाही, असं मी म्हणतो ते यामुळे. दहावी नापास गवंडी आणि बी.ई. झालेला इंजिनिअर या दोघांसाठीही काहीतरी व्यवस्था आहे, मधल्याला ती नाही.

पुढच्या पायऱ्यांवर डिग्री नसणं कसं आडवं येतं तेही पाहा. आखातात पिढ्यान्‌पिढ्या एकच नियम होता. व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला, नोकरी गेली की देश सोडायचा. अलीकडे संयुक्त अरब अमिरातीने यातून सुटण्याच्या दोन वाटा काढल्या. पाच वर्षांचा ग्रीन व्हिसा मालकाशिवाय मिळतो, पण कुशल नोकरदाराला त्यासाठी किमान पदवी आणि 15,000 दिर्हम पगार लागतो. दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा नोकरदार म्हणून हवा असेल तर पदवी आणि 30,000 दिर्हम. कुवेतने तर 2021 च्या सुरुवातीपासून साठी ओलांडलेल्या आणि पदवी नसलेल्या परदेशी कामगारांचे परवाने नूतनीकरण करायचे नाहीत, असाच नियम लावला. पुढे तो कायद्याच्या कसोटीवर टिकला नाही, मग 250 दिनार फी आणि विमा अशा अटींवर आला आणि नंतर सैल होत गेला. पण त्या वर्षभरात तीस-तीस वर्षं कुवेतमध्ये दुकान, गॅरेज, ड्रायव्हिंग सांभाळणारी माणसं बॅगा भरून बसली होती. विसाव्या वर्षी सोडलेला टी.वाय.चा पेपर साठाव्या वर्षी समोर आला. नियम बदलतात, सैल होतात, पुन्हा आवळतात हे खरं. मात्र आवळताना हात बहुतेक वेळा पदवी नसलेल्यांच्याच मानेपर्यंत जातो.

पैशाचा हिशेबही सरळ मांडून पाहावा. समजा, एखाद्याला दुबईत गोदामात 1,500 दिर्हमची नोकरी मिळाली. 2025 च्या भावाने ते साधारण 35,000 रुपये होतात. राहायची सोय कंपनीची, जेवण-फोन-फुटकळ खर्च स्वतःचा. जपून राहिला तर महिन्याला वीस-बावीस हजार घरी येतात. जाण्यासाठी दीड लाख दिले असतील आणि ते व्याजाने काढले असतील, तर आठ-नऊ महिने तो फक्त जाण्याचा खर्च फेडत असतो. करार दोन वर्षांचा, म्हणजे खरी कमाई सव्वा वर्षाची. हे पैसे कमी नाहीत, सव्वा वर्षात तीन-सव्वातीन लाख गावात राहून मागे टाकणं सोपं नाही. प्रश्न आहे तो तिसऱ्या वर्षाचा. गोदामातल्या मदतनिसाचा पगार अनुभवाने फारसा चढत नाही. क्रेनचालक, एसी मेकॅनिक, वेल्डर, सेफ्टी सुपरवायझर यांचा चढतो, कारण त्यांच्यापाशी चाचणी आणि प्रमाणपत्र असतं. सौदीने तर इलेक्ट्रिशियन, प्लंबर अशा कामांसाठी व्हिसाआधीच कौशल्य चाचणी लावली आहे.

आणि दीड लाख हा आकडा मुळातच बेकायदा आहे, हे किती घरांना ठाऊक असतं? परवानाधारक भरती एजंटने उमेदवाराकडून घ्यायची कमाल फी 30,000 रुपये अधिक जीएसटी एवढीच आहे. त्यावरची सगळी रक्कम 'व्हिसाचे पैसे', 'अरबाब'चे (तिथल्या मालकाचे) पैसे, 'आझाद व्हिसा' या नावाखाली पावतीशिवाय जाते. आझाद व्हिसा म्हणजे नावाला एक मालक, काम दुसरीकडे. पकडला गेला तर कामगार गुन्हेगार. व्हिजिट व्हिसावर जाऊन 'तिथे गेल्यावर बदलून घेऊ' हा त्याचाच धाकटा भाऊ. गेल्या काही वर्षांत याहून भयंकर प्रकार समोर आला. थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून नेलेली मुलं म्यानमार, कंबोडिया, लाओसमधल्या सायबर फसवणुकीच्या छावण्यांत अडकली. मार्च 2025 मध्ये वायुसेनेच्या विमानांनी म्यानमारमधल्या छावण्यांतून सुटलेल्या 549 भारतीयांना परत आणलं आणि त्यात महाराष्ट्रातली मुलंही होती. हे अंगठाबहाद्दर नव्हते. संगणक येणारी, इंग्रजी बोलणारी, बरीचशी कॉलेजात गेलेली मुलं होती. त्यांना हेरलंच गेलं ते त्यासाठी.

गोव्याची वाट वेगळी. तिथे 'बोटीवर जाणं' ही शंभर-दीडशे वर्षांची परंपरा. घरात आजोबा तारवटी, वडील क्रूझवर, मुलगा हॉटेल मॅनेजमेंटला. शिवाय 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगीज नागरिकत्वावर दावा करता येतो. पोर्तुगाल युरोपीय संघात आणि ब्रिटनही तेव्हा संघात, म्हणून बारावी झालेला मुलगा लिस्बनला न राहता थेट स्विंडनच्या गोदामात कामाला लागायचा. व्हिसा नाही, डिग्री नाही, कोणी विचारत नाही. ती वाट ब्रेक्झिटने बंद केली. 2020 च्या अखेरीस संक्रमणकाळ संपला आणि नव्याने येणाऱ्या पोर्तुगीज पासपोर्टधारकाला ब्रिटनमध्ये इतर परदेशी माणसासारखंच व्हिसाच्या रांगेत उभं राहावं लागतं. जे आधी गेले ते स्थिरावले. पण 'कॉलेज कशाला, पासपोर्ट होतोय' म्हणून शिक्षण सोडलेल्या आणि पासपोर्ट उशिरा हातात आलेल्या मुलांपुढे आयर्लंड, जर्मनी, खुद्द पोर्तुगाल अशा भाषेच्या वा महागाईच्या वाटा उरल्या. एखाद्या दुसऱ्या देशाच्या राजकारणावर आपल्या मुलाचं टी.वाय. टांगायचं नसतं, याचा याहून स्वच्छ दाखला मला सापडत नाही.

जहाजाच्या बाबतीत मात्र डिग्रीवाल्यांचं मत जरा बाजूला ठेवावं लागतं. मर्चंट नेव्हीत शिडी कागदांचीच आहे, पण ते कागद विद्यापीठाचे असायलाच हवेत असं नाही. दहावीनंतर सहा महिन्यांचा जीपी रेटिंगचा कोर्स करून खलाशी होता येतं. बारावीला भौतिक, रसायन, गणित चांगल्या गुणांनी असेल तर वर्षाची डीएनएस ही पदविका करून कॅडेट होता येतं किंवा तीन वर्षांचं बी.एस्सी. नॉटिकल सायन्स. पुढे सेकंड मेटची परीक्षा, चीफ मेट, मास्टर. प्रत्येक पायरीला समुद्रावरचे दिवस मोजले जातात आणि मुंबईच्या डीजी शिपिंगचं प्रमाणपत्र लागतं. इथे मराठीचं एम.ए. किंवा साधं बी.कॉम. पूर्ण करण्याने जहाजावर काडीचाही फरक पडत नाही. उलट त्यात गेलेली वर्षं कॅडेटच्या वयोमर्यादेतून वजा होतात. म्हणून ज्याला खरोखर समुद्रावरच जायचं आहे त्याने भलत्या शाखेच्या टी.वाय.साठी थांबू नये. फक्त कोर्स मान्यताप्राप्त संस्थेचा हवा आणि भरती करणारी कंपनी आरपीएसएल या सरकारी भरती परवान्याची हवी. बनावट सीडीसी (खलाशाची नोंदवही) घेऊन एखाद्या अनोळखी बंदरात पगाराविना अडकलेल्या मुलांच्या बातम्या दर वर्षी येतात.

युरोप आणि पूर्वेकडच्या वाटा नव्या आहेत, म्हणून त्यांच्याभोवती आशाही जास्त आणि धूरही जास्त. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी दहा हजार कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांचे वार्षिक व्हिसे 20,000 वरून 90,000 करण्याची घोषणा केली. ऑगस्ट 2025 मध्ये भारत आणि जपानने पाच वर्षांत पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचा आराखडा मांडला, त्यात पन्नास हजार कुशल भारतीय जपानला जाण्याची गोष्ट आहे. हे आकडे ऐकून मुलं कॉलेज सोडायला निघतात. करारातला आकडा म्हणजे नोकरीचं पत्र नव्हे, हे त्यांना कोणी सांगत नाही. जर्मनीच्या वाटेवर खरा दरवाजा भाषेचा आहे. रोज बसून शिकलं तरी बी-वन पातळी गाठायला बहुतेकांना आठ-दहा महिने ते वर्ष लागतं आणि रुग्णालयं साधारणपणे बी-टू मागतात.

जर्मन नियम बारकाईने वाचले तर आपल्या प्रश्नाचं चांगलंच उत्तर सापडतं. युरोपीय ब्लू कार्डसाठी मुख्यतः पदवी लागते. जून 2024 पासून सुरू झालेल्या संधी-कार्डावर नोकरी नसतानाही जर्मनीत जाऊन वर्षभर काम शोधता येतं, पण त्यासाठी एक तर पदवी हवी किंवा आपल्या देशात मान्य असलेलं किमान दोन वर्षांचं व्यवसाय शिक्षण हवं. म्हणजे आयटीआयचा दोन वर्षांचा फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड पूर्ण केलेला मुलगा त्या अटीत बसू शकतो आणि बी.एस्सी.ची अडीच वर्षं करून सोडलेला बसत नाही. अर्ध्या पदवीपेक्षा पूर्ण आयटीआय भारी. आपल्याकडे आयटीआयला दुय्यम मानणाऱ्या मध्यमवर्गाने हे वाक्य दोनदा वाचावं. ज्यांना शिकत-शिकत कमवायचं आहे त्यांच्यासाठी आउसबिल्डुंग ही वेगळी सोय आहे. साधारण तीन वर्षं आठवड्यातले काही दिवस शाळा, काही दिवस प्रत्यक्ष काम आणि महिन्याला विद्यावेतन, नर्सिंगमध्ये ते हजार युरोंच्या वर जातं. बारावी आणि भाषा असेल तर ही वाट खुली होते. याला 'डिग्री सोडून जाणं' म्हणता येणार नाही, हे एक शिक्षण सोडून दुसरं धरणं आहे. पण गेल्यावर ते तीन वर्षं पूर्ण करावं लागतं. मध्येच सोडलं तर पुन्हा तेच दुःख.

जपानचं गणितही असंच आहे. 'विशिष्ट कुशल कामगार' या व्हिसाला पदवी लागत नाही, प्राथमिक जपानी आणि कामाची चाचणी पुरते. पहिल्या टप्प्यात जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं आणि कुटुंब नेता येत नाही. इंजिनिअर किंवा कार्यालयीन तज्ज्ञाच्या व्हिसाला मात्र पदवी नाहीतर बहुतांश कामांत दहा वर्षांचा संबंधित अनुभव दाखवावा लागतो आणि कुटुंब सोबत नेता येतं. एका पदवीच्या बदल्यात दहा वर्षं, असा थेट भाव तिथल्या नियमात लिहिला आहे. पुण्यात तर जपानी आणि जर्मन शिकायची सोय जुनी आहे. रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात, मॅक्सम्युलर भवनात कॉलेज करता-करता संध्याकाळी शिकणारी मुलं कित्येक वर्षं दिसतात. डिग्री आणि भाषा एकाच वेळी चालवता येतात, त्यासाठी एकीला रजा द्यावी लागत नाही. मला तर वाटतं, टी.वाय.च्या वर्षाचा यापेक्षा चांगला उपयोग नाही.

ब्रिटनने 2022 ते 2025 या तीन वर्षांत जे केलं तो या आढाव्यातला सर्वांत कडक धडा. 2022 मध्ये त्यांनी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या केअर वर्करसाठी व्हिसा खुला केला. पदवी लागत नव्हती. भारतातून हजारो गेले, अनेकांनी मध्यस्थांना लाखो रुपये मोजले. मार्च 2024 पासून त्यांना कुटुंब नेण्यावर बंदी आली. जुलै 2025 मध्ये परदेशातून केअर वर्करची भरतीच बंद झाली आणि त्याच वेळी कुशल कामगार व्हिसासाठी कामाची पातळी बारावीच्या आसपासहून थेट पदवीच्या पातळीवर नेली. तीन वर्षांत दार उघडलं, चेपलं, लागलं. त्याच ब्रिटनने भारतीय तरुणांसाठी ठेवलेली यंग प्रोफेशनल्स योजना पाहा. 18 ते 30 वय, सोडतीने निवड, दोन वर्षं हवं ते काम करण्याची मुभा, मालकाची गरज नाही. एवढी मोकळी योजना, पण पदवी सक्तीची. ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसालाही बारावीनंतरचं किमान दोन वर्षांचं शिक्षण पूर्ण असावं लागतं, तेही सोडतीनेच आणि वर्षाला हजार भारतीयांनाच. सोडतीत नाव येईल-न येईल, पण शिक्षण अर्धवट असेल तर चिठ्ठी टाकून उपयोग नाही.

पैसा कुठून येतो यावरूनही वारं ओळखता येतं. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीनुसार परदेशातून येणाऱ्या पैशांत अमेरिकेचा वाटा सर्वाधिक, 27.7 टक्के, तर अमिरातीचा 19.2. आखाताचा एकत्रित वाटा 2016-17 मध्ये निम्म्याच्या जवळ होता, तो 38 टक्क्यांवर आला आहे. राज्यांत महाराष्ट्र पहिला, 20.5 टक्के, केरळलाही मागे टाकून. यात मुंबईतल्या बँकखात्यांचा हिशेब असणारच, म्हणून लगेच कॉलर ताठ करण्याचं कारण नाही. पण दिशा स्पष्ट आहे. मोठा पैसा पदवीवाल्यांच्या वाटेने येऊ लागला आहे. तिथेही बारीक खोच आहे. अमेरिकेच्या एच-वन-बी या कामाच्या व्हिसासाठी आपली तीन वर्षांची पदवी पुष्कळदा अपुरी ठरते आणि चौथ्या वर्षाची उणीव तीन वर्षांच्या अनुभवाने भरून काढावी लागते. नव्या शैक्षणिक धोरणातलं ऑनर्सचं चौथं वर्ष फुकट आहे असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

त्याच धोरणाने आपल्या प्रश्नाला एक तिसरं उत्तर देऊन ठेवलं आहे, पण कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीवर ते फारसं ऐकू येत नाही. पहिलं वर्ष पूर्ण करून ठरावीक जादा श्रेयांक मिळवले तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीननंतर पदवी. श्रेयांक अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. बाहेर पडलेला विद्यार्थी तीन वर्षांच्या आत परत येऊ शकतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करू शकतो. आखाताचा करार दोन वर्षांचा असतो हे आठवा. म्हणजे घरची परिस्थिती खरोखरच निकडीची असेल, वडील अंथरुणाला खिळले असतील, बहिणीच्या लग्नाचं कर्ज असेल, तर जा. पण पळून गेल्यासारखं जाऊ नका, हिशेब करून जा. वर्ष पूर्ण करून, केट्या सोडवून, पदविका हातात घेऊन गेलेला आणि परीक्षेलाच न बसता गेलेला यांच्यात परतल्यावर जमीन-अस्मानाचा फरक असतो. राहिलेलं शिक्षण नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूतून पुरं करता येतं, इग्नूत बी.ए.ला सहा वर्षांची मुदत मिळते. मात्र दूरशिक्षणाच्या पदवीकडे काही देश बारकाईने पाहतात. ज्या देशात जायचं तिथे ती मान्य आहे का, हे प्रवेशाआधी विचारावं.

मुलींच्या बाबतीत हा हिशेब आणखी अवघड आहे, कारण त्यांच्या घड्याळात लग्न नावाचा तिसरा काटा असतो. गंमत अशी, की ज्या एका क्षेत्रात त्या मोठ्या संख्येने बाहेर जातात त्या नर्सिंगमध्ये हा वाद जवळजवळ उरतच नाही. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग आणि कौन्सिलची नोंदणी यांशिवाय सरळ वाट नाही. आखातात जाणाऱ्या नर्सची भरती तर मुख्यतः सरकारी संस्थांमार्फत व्हावी, असा नियम 2015 मध्ये आला. घरकामासाठी ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्या स्त्रीचं वय किमान तीस असावं लागतं. नर्सिंग पूर्ण केलेल्या मुलीला बाप 'लग्नानंतर बघू' म्हणतो तेव्हा तिचं जे नुकसान होतं, ते एस.वाय. सोडून गेलेल्या मुलाच्या नुकसानापेक्षा लहान नाही. त्यावर कोणी लेख लिहीत नाही, एवढंच.

सगळ्यांना एकच सल्ला देणाऱ्याचा मला नेहमी संशय येतो, तरी हातचं राखून बोलण्यातही अर्थ नाही. शेवटचं वर्ष किंवा सहामाही उरली असेल तर थांबावं. त्या दहा-बारा महिन्यांत हातचं जाईल असं परदेशातलं काम बहुधा जाण्यासारखं नसतंच. शाखा मनाविरुद्ध निवडली असेल आणि पहिल्याच वर्षात असाल, तर ती रेटत बसण्यापेक्षा आयटीआय, नर्सिंग, जहाज, हॉटेल असं पूर्ण होणारं काहीतरी धरावं आणि ते पूर्ण करून जावं. केवळ कॉलेजचा कंटाळा आला म्हणून आणि केवळ समोरच्याचा स्लॅब पाहून जाऊ नये. आणि कॉलेजांनीही, दोन वर्षं बाहेर राहून परतलेल्या मुलाकडे 'गॅप पडलाय' म्हणून कपाळाला आठ्या घालून पाहणं आता थांबवावं. नियमात त्याला जागा आहे, खिडकीवरही ती असावी.

निघायचं ठरलंच असेल तर पैसे देण्याआधी एजंटचा परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर टाकून पाहा. करार आपल्याला कळणाऱ्या भाषेत मागा, तो हातात आल्याशिवाय नोकरीचा राजीनामा देऊ नका आणि कॉलेजातून नावही काढू नका. ईसीआरची नोंद नसलेला (ईसीएनआर) पासपोर्ट असला तरी विमा स्वतःहून उतरवा. दहावी-बारावीच्या आणि प्रत्येक सत्राच्या गुणपत्रिकेची प्रत सोबत घ्या. मूळ गुणपत्रिका घरी आईच्या कपाटात ठेवा, एजंटच्या ड्रॉवरमध्ये एक दिवससुद्धा राहू देऊ नका.